दोष देण्याआधी रक्त तपासा

एखाद्या घरात सुनेचे दिवस टिकत नाहीत. दोनदा, तीनदा गर्भ जातो. कधी सोनोग्राफीत सगळं व्यवस्थित दिसल्यावरही सहाव्या महिन्यात बाळ पोटातच दगावतं. मग अंगारे-धुपारे होतात, पत्रिका दाखवल्या जातात, ‘हिनंच काहीतरी जड उचललं असेल’ असं तिच्या तोंडावर बोललं जातं. रक्ताची एक तपासणी मात्र राहून जाते. ती मागून घ्या, एवढ्यासाठी हे आवाहन आहे.

तपासणी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची. दवाखान्यात तिला ‘एपीएलए’ म्हणतात. या प्रतिपिंडांमुळे होणारा आजार लंडनच्या ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये नीट मांडला. म्हणजे वैद्यकाला तो चाळीस वर्षांपासून माहीत आहे, त्यावर उपचार आहेत, आणि तरीही बायका बोलणी खात बसतात.

जंतूंशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडं तयार करतं. या आजारात ती आपल्यावरच उलटतात. आपल्या पेशींची आवरणं फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध द्रव्यांची असतात. रक्तातलं बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ हे प्रथिन अशा आवरणाला चिकटतं आणि प्रतिपिंडं मुख्यतः त्यालाच धरतात. तिथून पुढे सगळं बिघडत जातं. रक्तवाहिनीचं एरवी शांत असलेलं अस्तर चेतवलं जातं, काही पांढऱ्या पेशी रक्त गोठवण्याची सुरुवात करणारा घटक पुढे आणतात, प्लेटलेट एकमेकींना चिकटू लागतात. गुठळ्यांना आवर घालणारी शरीराची स्वतःची यंत्रणाही दुबळी पडते. कुठे जखम नाही, तरी रक्त गोठतं. पायाच्या शिरेत गोठलेली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मेंदूच्या धमनीत अडकली तर ऐन तिशीत अर्धांगवायू होतो. गर्भारपणात हाच मारा वारेवर होतो. तिथे गुठळ्यांच्या जोडीला दाहही असतो. वार नीट रुजत नाही आणि बाळाला रक्त पुरत नाही.

यात एक मोठा चकवा आहे. हीच प्रतिपिंडं प्रयोगशाळेतल्या नळीत मात्र रक्त गोठायला उशीर लावतात, कारण चाचणीसाठी घातलेली फॉस्फोलिपिडं ती अडवून धरतात. त्यामुळे ‘एपीटीटी’ या रक्त गोठण्याच्या चाचणीचा आकडा वाढलेला येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, रक्त पातळ आहे. प्रत्यक्षात शरीरात धोका उलटा असतो. असा रिपोर्ट आला तर कारण शोधल्याशिवाय फाइल बंद करू देऊ नका.

दुसरा चकवा मला अधिक क्लेश देतो. गरोदरपणात व्हीडीआरएल ही सिफिलिसची चाचणी होते. तिच्यात कार्डिओलिपिन हे फॉस्फोलिपिडच वापरतात. म्हणून या आजाराच्या बाईला गुप्तरोग नसतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. त्या एका कागदावरून संसार मोडण्याची पाळी येऊ देऊ नका. टीपीएचएसारखी खात्रीची चाचणी झाल्याशिवाय नवऱ्यावर किंवा बायकोवर बोट दाखवायचा कुणालाही अधिकार नाही.

तपासणी कुणी मागावी? दहा आठवड्यांच्या आत लागोपाठ गर्भ गेलेल्यांनी. त्यानंतर एकदा जरी धडधाकट बाळ पोटात दगावलं असेल त्यांनी. रक्तदाब भयंकर वाढून चौतीस आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागली असेल त्यांनी. आणि पन्नाशीच्या आत उघड कारण नसताना पायात, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी झालेल्या प्रत्येकाने, मग तो पुरुष का असेना. ल्युपस हा शरीराची प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटण्याचा आजार असलेल्यांनी तर नक्कीच. आशाताईंना माझी हात जोडून विनंती आहे: नोंद करताना आधीचे किती गर्भ गेले आणि कितव्या महिन्यात गेले, हे आवर्जून विचारा. बाई आपणहून सांगत नाही.

या तपासणीत चाचण्या तीन असतात. कार्डिओलिपिनविरोधी आणि बीटा-२ विरोधी प्रतिपिंडं मोजतात, आणि तिसरी ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटची, जिच्या एका पद्धतीत घोणसाचं सौम्य केलेलं विष वापरतात. रक्त पातळ करणारी औषधं या तिसरीचा निकाल बिघडवू शकतात, म्हणून नमुना देतानाच ती सांगा. एकदा पॉझिटिव्ह आलं म्हणून हबकू नका. साध्या संसर्गानंतरही ही प्रतिपिंडं काही काळ दिसतात. किमान बारा आठवड्यांनी पुन्हा तपासून तीच आढळली, तरच निदान पक्कं धरतात.

निदान झालं तर वाट आहे. गर्भारपणात कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं दिली जातात. हेपॅरिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. या उपचारांवर सुमारे ७० ते ८० टक्के गर्भारपणांत जिवंत बाळ हाती येतं.

ज्यांना गुठळी होऊन गेली आहे त्यांना बहुधा कायमच वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, साधारण २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका. गोळीवर परिणाम होतो म्हणून मेथी-पालक सोडायची गरज नाही, पण आठवडाभर काहीच नाही आणि मग रोज असं करू नका. अंगदुखीची गोळी किंवा काढा विचारल्याशिवाय घेऊ नका. तंबाखू, सिगारेट बंद. सणासाठी किंवा लग्नासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. त्यांनी गुठळीचा धोका वाढू शकतो.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, दम लागला, छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

आणि वॉरफॅरिन घेणाऱ्या मुलींनो, ही गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. पाळी चुकली तर त्याच दिवशी त्यांना कळवा, म्हणजे ते गोळीऐवजी इंजेक्शन सुरू करतील. मनाने गोळी सोडून घरी बसू नका.