दूध गाळून घेतलं, दावं कुणी बघितलं?



दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी व्रतांचा सातवा अध्याय येतो. त्यातले अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्या बहुतेकींना पाठ आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही एवढं ओझं घालणं, चारापाणी रोखणं. यंदा हे ऐकून मी घरी आले आणि गोठ्यात डोकावले. वीस दिवसांची पाडी भिंतीकडच्या कोपऱ्यात हातभर दाव्याला बांधलेली, माती चाटू नये म्हणून तोंडाला मुसकं. पाचांतले दोन अतिचार तिथंच उभे होते, आणि गोठा माझाच होता.

दुधाच्या बाबतीत आपण किती काटेकोर असतो! धार काढल्यावर 48 मिनिटांच्या आत तापवायचं. दुहेरी फडक्यातून गाळायचं. म्हैस व्याली की 15 दिवस, गाय व्याली की 10 दिवस तिचं दूध वर्ज्य. अभिषेकाला द्यायचं तर सोवळ्यानं काढायचं. खरवस खात नाही याचा तर केवढा अभिमान. पण कारण विचारा, उत्तर येतं 'सूतक असतं'. तो चीक वासराच्या हक्काचा आहे, जन्मल्यावर पहिल्या काही तासांत पोटात गेला नाही तर रोगाशी लढायचं बळ त्याला मिळत नाही, हे कुणी सांगत नाही. दुधाची मर्यादा विचारणाऱ्या एकाही बाईनं मला 'वासरू कुठं असतं?' असं विचारलेलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

वासरू कुठं असतं ते सांगते. गोठ्यातली सगळ्यात अंधारी, ओली जागा त्याची. पान्हा फुटेपर्यंत दोन घोट, की ओढून परत खुंट्याला. नाहीतर घमेल्यात दूध ओतायचं, ते मिनिटा-दोन मिनिटांत संपतं. त्यातून पाडा असेल तर दूध आणखी कमी. मग दिवसभर ते भिंत चाटतं, दावं चघळतं, शेजारच्या वासराचा कान नाहीतर बेंबी चोखतं. आपण म्हणतो, खोड लागली. अहो, पोट भरलं तरी चोखायची ओढ दूध प्याल्यावर दहाएक मिनिटं राहते. आचळ नाही मिळालं तर ते दुसरं काहीतरी शोधणारच. गुन्हा आपला आणि मुसकं त्याला.

मी हे घरात बोलले तर धाकटे दीर हसले. "वैनी, पाडीला शाळंत घालायचंय व्हय आता?" मी म्हटलं, शाळेचं नाव काढलंत ते बरं झालं भाऊजी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी एकटी ठेवलेली आणि सोबतीनं ठेवलेली वासरं तपासली, त्याचा निबंध 2014 साली छापून आला. एकटं वाढलेलं वासरू शिकलेली गोष्ट बदलली की अडखळतं, सोबतीत वाढलेलं लवकर जुळवून घेतं. पुढं गोठा बदलला, चारा बदलला, की कुठली गाय बुजते आणि कुठली नाही, याचं मूळ इथंही असू शकतं.

युरोपियन युनियनचा 2008 चा नियम तर वाचून लाज वाटली. आठ आठवड्यांपुढच्या वासराला एकट्याच्या कप्प्यात ठेवायचं नाही. वासराला बांधायचं नाही. गटातल्या वासरांना दूध पाजताना बांधलं तर फार तर एक तास. ज्यांच्या ताटाकडे बघून आपण नाक मुरडतो, त्यांनी बंध हा अतिचार कायद्यात घातला. आपण तो पाठ केला.

भाऊजींचं एक म्हणणं खरं होतं. वासरं एकत्र आली की जुलाब, खोकला पसरतो. म्हणून दोघं-तिघंच एकत्र, आणि खाली कोरडं. आम्ही कोपऱ्यात बांबूचा आडोसा केला, म्हणजे गाईपर्यंत जाऊन पिऊन टाकायची भीतीही गेली. आत दोन पाड्या मोकळ्या. घमेल्याऐवजी बोंडीची बादली, दूध संपलं तरी ती थोडा वेळ तशीच राहू द्यायची आणि लगेच बारीक गवत पुढं टाकायचं. आडव्या बांबूला कडब्याची पेंढी टांगली, ओढून ओढून खायला. आणि खांबाला मानेच्या उंचीवर झाडण्याचा जुना राठ ब्रश ठोकला. पहिल्या दिवशी दोघी लांबूनच हुंगत होत्या. तिसऱ्या दिवशी ब्रशासाठी ढकलाढकली. आई अंग चाटते ते सुख त्यांना दाव्यावर कुठलं मिळायला? मोकळं सोडलं त्या संध्याकाळी मात्र धाकटी शेपूट वर करून जी उधळली, ती आडोशाला धडकूनच थांबली. सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "पन्नास वर्सं गोठ्यात गेली माझी, वासरू असं पळतंय हे रानातच बघितलं हुतं."

काहीजणी लिहितील, एवढं वाटतं तर दूधच सोडा. तो प्रश्न खोटा नाही आणि ज्यांनी सोडलं त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण आज आपल्या घरात दूध येतं, तूप कढतं, अभिषेक होतो. तोवर दाव्याला बांधलेल्या जिवाला 'आधी जगानं दूध सोडू दे, मग तुझं बघू' असं सांगायचं का?

पुढच्या महिन्यापासून मंडळात अभिषेकाच्या दुधाची पाळी लावताना मी त्या त्या घराला विचारणार आहे, वासरू मोकळं आहे का? राग येईल, येऊ दे. पहिली पाळी आमचीच आहे. पाड्या मोकळ्या आहेत, पण म्हशीचं रेडकू पलीकडच्या दावणीला अजून बांधलेलंच आहे, कारण ती बाजू भाऊजींच्या वाटणीची. आज रात्री जेवताना पुन्हा बोलणार आहे.