एकतीस फुटांचं घर



गेल्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गानं शाळेच्या मैदानावर एक घर उभं केलं. वीट नाही, सिमेंट नाही, नुसती फक्की! लांबी ३१ फूट, रुंदी साडेआठ फूट. मुलांनी दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या आणि मापं घेऊन रेघा ओढल्या. कबड्डीसाठी आणलेली फक्की संपली म्हणून मुख्याध्यापक जरा कुरकुरले, पण घर मात्र झकास झालं. मागच्या टोकाला मोठा पलंग. त्याला लागून न्हाणीघर आणि संडास, दोन्ही मिळून दोन लोखंडी कपाटांएवढे. मधे ओटा, शेगडी, फ्रीज, जेवायचं टेबल. आणि सगळ्यात पुढे ड्रायव्हरची खुर्ची!

"बाई, घरात ड्रायव्हर कशाला?"

कारण या घराला चाकं असतात. अमेरिकेत याला म्हणतात मोटरहोम. सुट्टी लागली की तिकडची पुष्कळ माणसं असं घर घेऊन निघतात आणि सरकारी उद्यानांत जाऊन मुक्काम ठोकतात. उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झोके, घसरगुंडी आणि कारंजं येतं. ते नव्हे हं! तिथलं राष्ट्रीय उद्यान म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याहून, कधी जिल्ह्याहूनही मोठं रान. डोंगर, नद्या, अस्वलं, सगळं त्यात. पहिलं उद्यान यलोस्टोन, १८७२ सालचं. शिवाय प्रत्येक राज्याची आपापली वेगळी उद्यानं असतात. त्यांत मुक्कामासाठी राखलेल्या जागा असतात, त्यांना कॅम्पग्राउंड म्हणतात.

आता या घरात पाणी कुठून येतं? वर्गातही पहिला प्रश्न हाच आला. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, साधारण दीड-दोनशे लिटरची. दुसरी आंघोळीच्या आणि भांडी घासलेल्या पाण्याची. तिसरी कशाची ते मी सांगायच्या आतच वर्गात खसखस पिकली. या दोन टाक्या भरल्या की ठरवून दिलेल्या जागी गाडी न्यायची, जाड नळी जोडायची आणि घाण पाणी जमिनीखालच्या टाकीत सोडायचं. रस्त्यावर किंवा ओढ्यात सोडलंत तर दंड. दिव्यांसाठी वेगळी बॅटरी, शेगडीला गॅस. काही ठिकाणी खांबावरून वीज आणि नळावरून पाणी जोडून मिळतं, पण रानातल्या जुन्या मुक्कामांवर बहुधा यातलं काही नसतं. जे बरोबर आणलं त्यातच भागवायचं. वहिनीनं पहिल्याच संध्याकाळी तांदूळ चार पाण्यांनी धुतले आणि भावाचा चेहरा पडला म्हणे.

हो, ही सगळी हकिगत माझ्या मामेभावाची. तो कॅलिफोर्नियात असतो. मामा-मामी त्याच्याकडे गेले होते, म्हणून त्यानं असं घर भाड्यानं घेतलं. वहिनी, दोन मुलं, आजी-आजोबा, एकूण सहा माणसं. दिवाळीत मामा गावी आले तेव्हा ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं, आणि तेच मी वर्गात सांगितलं.

मामांची ओळख करून दिलीच पाहिजे. ते एस.टी.त ड्रायव्हर होते. पसरणीचा घाट, आंबेनळीचा घाट, धुकं, पाऊस, समोरून येणारा ट्रक, सगळं पाहिलेला माणूस. त्यांना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपल्याकडे एस.टी. चालवायची तर वेगळा परवाना लागतो. तिथं ४० फुटांपर्यंतचं घर साध्या मोटारीच्या परवान्यावर चालतं! "म्हणजे जवळजवळ माझी एस.टी. रे, आणि हा कालपर्यंत चार दारांची गाडी चालवणारा!" मामा सांगत होते. गाडी वळवताना पुढचं कोणीही बघतं. पण मागच्या चाकांच्या मागे जो भाग लोंबत असतो तो उलट्या बाजूला झोका घेतो, आणि खांब, फाटक, कुणाची सायकल, जे असेल त्याला जाऊन भेटतो. म्हणून सगळ्या प्रवासात गाडी मागे घ्यायची वेळ आली की मामा खाली उतरायचे आणि पत्र्यावर थापा मारत कंडक्टरसारखे ओरडायचे, "येऊ दे... येऊ दे... बस्स!"

तर ही मंडळी दिवसभर गाडी हाकून उत्तर कॅलिफोर्नियात एका राज्य उद्यानात पोचली. रेडवूडचं रान. जगातली सर्वांत उंच झाडं ती ही. अंधार पडायला आलेला. जागेचं आरक्षण भावानं काही महिने आधीच केलं होतं. तेव्हा "गाडीची लांबी किती?" या प्रश्नापुढे त्यानं २४ फूट लिहिलं होतं, कारण छोटी गाडी घ्यायचं ठरलं होतं. पुढे भाड्यानं मिळाली ती ३१ फुटांची. सात फुटांनी काय होतंय, असं म्हणून त्यानं ते तसंच सोडून दिलं.

मामा उतरले. पुढे गेले, मागे गेले, पावलांनी माप घेतलं. जागेच्या शेवटी आडवा ओंडका, आणि त्याला लागूनच चार माणसांच्या कवेत न मावणारं झाड. मागे सरकायला वीतभर वाव नाही. पुढे गाडीचं नाक रस्त्यावर. रस्ता एकेरी आणि अरुंद. रात्री रुग्णवाहिका किंवा आगीचा बंब यायचा झाला तर अडकणार. "बसत नाही," मामा म्हणाले.

तेवढ्यात तिथल्या होस्टबाई आल्या. हे होस्ट म्हणजे बहुधा निवृत्त माणसं. हंगामभर आपल्याच चाकांच्या घरात तिथं राहतात, येणाऱ्यांना मदत करतात. त्याबद्दल त्यांना मुक्कामाची जागा फुकट मिळते. भावानं त्यांना विनवलं, की एका बाजूची चाकं कडेच्या मातीत उतरवतो, तिरकी लावतो, रात्रीपुरतं. सकाळी सहाला निघतो. लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत.

बाई रागावल्या नाहीत. पण नाही म्हणाल्या. खाली मुळं आहेत, एवढंच कारण सांगितलं.

मामांना तेव्हा ते पटलं नाही, हे त्यांनी आम्हाला मोकळेपणानं सांगितलं. एवढं थोरलं झाड, त्याला एका रात्रीच्या गाडीनं काय होणार? मीसुद्धा तेच विचारलं असतं. नंतर मी वाचून काढलं, आणि मला या सगळ्या प्रवासातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सापडली.

शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या सुमारास, अमेरिकेत मोटारी स्वस्त झाल्या आणि माणसं तंबू बांधून रानात जाऊ लागली. तेव्हा आखलेल्या जागाबिगा नव्हत्या. झाडाखाली सावली दिसली की घाल गाडी! काही वर्षांत तिथली मोठमोठी झाडं आजारी दिसू लागली. कीड नाही, रोग नाही, मग झालं काय? हे शोधायला एका वनस्पतीरोगतज्ज्ञाला बोलावलं. त्यांचं नाव एमिलिओ मायनेके. १९२८ साली त्यांनी रेडवूडची रानं तपासली आणि सांगितलं, रोग म्हणजे आपणच. माणसांचे पाय आणि मोटारींची चाकं.

हे कसं, ते पाहायचं असेल तर घरी करून बघा. दोन रिकामे डबे घ्या, तळाला भोकं पाडा (खिळा-हातोडी मोठ्यांकडे द्या). दोन्हींत सारखीच माती भरा. एकातली तशीच भुसभुशीत ठेवा, दुसरी ओली करून मुठीनं गच्च ठोका. दोन्हींवर पेलाभर पाणी ओता आणि थांबा. भुसभुशीत मातीत कणांच्या मधे बारीक पोकळ्या असतात, त्यांतून पाणी उतरतं, हवा खेळते. गच्च मातीवर पाणी नुसतं उभं राहतं. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. रेडवूडची मुळं उंचीच्या मानानं अगदी उथळ, फार तर दहा-बारा फूट खोल, पण आडवी मात्र शंभर फुटांपर्यंत पसरतात. म्हणजे खोडापासून चांगलं लांब गाडी लावली तरी ती झाडाच्या अंगावरच! भावाची गाडी सहा टनांच्या आसपास होती.

मायनेके नुसतं 'येऊ नका' म्हणून थांबले नाहीत. माणसं रानात येणारच, हे धरून त्यांनी १९३२ मध्ये एक आराखडा दिला. एकेरी वळसा घालणारा रस्ता, त्याला तिरक्या फुटलेल्या छोट्या बोळकांड्या, प्रत्येक बोळकांडीत एकच मोटार. कडेला धोंडे आणि ओंडके, म्हणजे चाक ठरल्या जागेबाहेर जाणारच नाही. बाजूला टेबल, चूल, तंबूपुरती जागा. बाकी सगळी जमीन झाडांची. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, तिथल्या सरकारनं बेकार तरुणांना रानातली कामं द्यायला सुरुवात केली. महिन्याला ३० डॉलर, त्यातले २५ थेट घरी आईवडलांना! त्या पोरांनी झाडं लावली, वाटा केल्या आणि या पद्धतीनं शेकडो मुक्काम बांधले. त्यांतले कितीतरी आजही वापरात आहेत.

गंमत अशी, की बोळकांड्या आखल्या त्या तेव्हाच्या मोटारींच्या मापानं. घराएवढ्या गाड्या कारखान्यांतून भराभर निघू लागल्या त्या १९६० नंतर. गाड्या वाढल्या, झाडं होती तिथंच राहिली. मग आरक्षण करताना 'लांबी किती?' हे विचारणं आलंच.

इतर उद्यानांतही हा लांबी-रुंदीचा हिशेब आहे, पण कारणं निरनिराळी. माँटाना राज्यातल्या ग्लेशियर उद्यानात डोंगराच्या कुशीत कोरलेला एक सुंदर रस्ता आहे, त्याचं नाव 'गोइंग-टू-द-सन', म्हणजे सूर्याकडे जाणारा. त्याच्या घाटातल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. यूटा राज्यातल्या झायन उद्यानात १९३० साली खोदलेला पावणेदोन किलोमीटरचा बोगदा आहे. मोठी गाडी आली की कितीतरी वर्षं समोरची वाहतूक थांबवून तिला मधून सोडत. २०२५ साली उद्यानानं जाहीर केलं, की जून २०२६ पासून अशा गाड्यांनी लांबचा वळसा घालून जायचं. आणि यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजच्या मुक्कामावर नेमकं उलटं! तिथं तंबूला बंदी, भक्कम भिंतींचीच गाडी पाहिजे. का? कारण तिथं ग्रिझली अस्वलं फिरतात. कापडाची भिंत त्यांच्या पंज्यापुढे कागदासारखी.

असो. आपली मंडळी राहिली रस्त्यावरच. पोरांनी भोकाड पसरलं. शेवटी मागे फिरून गावातल्या एका खासगी तळावर जागा मिळाली. वीज होती, नळ होता, दिव्यांचा लखलखाट होता, आणि खिडकीतून दिसत होती शेजारची दुसरी गाडी. मामी म्हणाल्या, "यापेक्षा स्वारगेट बरं."

सकाळी ते परत उद्यानात गेले. गाडी बाहेर मोठ्या वाहनतळावर ठेवली आणि पायवाटेनं आत चालत निघाले. मामांनी मान वर केली आणि टोपी खाली पडली. या जातीतलं सर्वांत उंच झाड ११५ मीटरहून उंच आहे. म्हणजे दीड कुतुबमिनार आणि वर थोडं. ते २००६ साली सापडलं, त्याचं नाव हायपेरियन. पण ते बघायला जाता येत नाही. बघायला येणाऱ्यांच्या पायांनीच खालची माती आणि नेचे तुडवले गेले, म्हणून २०२२ मध्ये उद्यानानं तो भाग बंद केला. गेलात तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिने तुरुंगही! निघताना मामांना त्या होस्टबाई दिसल्या. मामांना इंग्रजी येत नाही. त्यांनी हात जोडले, बाईंनीही जोडले.

आता पुन्हा मैदानावर येऊ. घर आखून झाल्यावर आम्ही त्याच्या भोवती २४ फुटांची बोळकांडी आखली, ओंडका म्हणून बाक ठेवला, आणि झाड आमच्याकडे होतंच, कोपऱ्यातला कडुनिंब. मुलं घराच्या रेघेवर उभी राहिली. सात फूट घर बाहेर राहिलं, त्यात तीन मुलांची एक रांग अख्खी रस्त्यावर आली. मग आम्ही दोरी घेऊन कडुनिंबाची मुळं कुठवर असतील याचा अंदाज केला. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर फारशी बोलली नाही, तिनं विचारलं, "बाई, मग संमेलनाला पाहुण्यांच्या गाड्या याच झाडाखाली का लावतो आपण?"

मी इकडंतिकडं पाहिलं. माझी स्कूटरही तिथंच उभी होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरांनी ओढ्यातून दगड आणायला सुरुवात केली. लहान मुलाला उचलतील एवढेच, ही माझी अट. आठवड्यात कडुनिंबाभोवती वेडंवाकडं कडं तयार झालं. मुख्याध्यापकांनी विचारलं, हे कोणी सांगितलं? मुलांनी एका सुरात सांगितलं, "मायनेके सरांनी!" सर अजून हजेरीपटात ते नाव शोधतायत. स्कूटर मी आता फाटकाजवळ उन्हात लावते. दुपारी सीट असलं तापतं म्हणून सांगू!