प्रतिष्ठेचे कारखानदार

महागड्या स्विस घड्याळांची प्रतिष्ठा कारागिरीतून जन्माला येते आणि लिलावात लागणारी बोली हा जाणकारांनी तिला दिलेला निःपक्षपाती कौल असतो, असे बाजारव्यवस्थेचे भाट मोठ्या गांभीर्याने सांगत असतात. हा कौल कसा घडवला जातो, हे नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात दिसले. १९५७ साली प्रथम निघालेल्या ओमेगा स्पीडमास्टरचा एक नमुना फिलिप्सच्या लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेला. अंदाज होता फार तर १,२०,००० फ्रँकचा! पुढे २०२३ मध्ये उघड झाले की, ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेले होते आणि ते विकत घेणारी दुसरी कोणी नसून खुद्द ओमेगा कंपनीच होती. आपल्याच जुन्या नोकरांनी आपल्याला फसवले, अशी तिची तक्रार आहे. असेलही. परंतु कंपनीने आपल्याच जुन्या मालावर बोली लावावी आणि त्या बोलीच्या झगमगाटात नवा माल विकावा, या रिवाजाला फसवणूक म्हणण्यास मात्र कोणी धजत नाही. याच शहरात २००७ साली केवळ ओमेगा घड्याळांचा लिलाव झाला, तेव्हाही अनेक बोली कंपनीच्याच होत्या.

संग्राहकांत खरे जाणकार नाहीत, असे नव्हे. पण २०२२ च्या प्रारंभापर्यंत रोलेक्स आणि पाटेक फिलिपच्या पोलादी घड्याळांचे पुनर्विक्रीचे भाव गगनाला भिडले आणि त्याच वर्षी कोसळले. तेवढ्या अवधीत त्यांतले एक दातेरी चाकही बदललेले नव्हते.

आणि ज्या कारागिरीचे गोडवे गायले जातात, ती ज्यांच्या हातांत होती त्यांचे काय झाले? मार्क्सने 'भांडवला'च्या पहिल्या खंडात श्रमविभागणीचे उदाहरण म्हणून घड्याळच घेतले आणि त्यामागे राबणाऱ्या कामगारांच्या कामांची लांबलचक यादी दिली. १९६९ मध्ये जपानच्या सेकोने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले. पुढील पंधरा-सोळा वर्षांत स्वित्झर्लंडमधील घड्याळ कामगारांची संख्या सुमारे ९०,००० वरून ३०,००० च्या आसपास आली. युरा पर्वतातील गावेच्या गावे ओस पडत असता, १९८२ मध्ये ब्लांपँ हे जुने नाव दोन उद्योजकांनी सुमारे २२,००० फ्रँकना विकत घेतले. आपण क्वार्ट्झला कधीच शिवलो नाही, ही त्यांची जाहिरात. म्हणजे जे कौशल्य काल निरुपयोगी ठरवून माणसांसह रस्त्यावर टाकले, तेच आज दुर्मीळ म्हणून काचेच्या पेटीत! दहा वर्षांनी हे नाव सुमारे ६ कोटी फ्रँकना विकले गेले. १९८२ मध्ये ज्या कंपनीने ते मातीमोलाने विकले होते, तिच्याच विलीनीकरणातून उभ्या राहिलेल्या, ओमेगाची मालकी असलेल्या समूहाने ते परत घेतले. बेकार झालेल्यांपैकी कोणाला या सौद्यातून छदामही मिळाला नाही.