आजीच्या लुगड्याचा परकर



देऊळगाव राजाच्या एका भगिनीने आम्हाला विचारले आहे : “सासूबाईंचे जुने इरकली लुगडे पेटीत पडून आहे. मधे विरले आहे. बोहारीण त्यावर स्टीलचे पातेले देते म्हणते. देऊन टाकू का?”

आमचे उत्तर आहे, देऊ नका. आधी ते लुगडे उजेडात उलगडून पाहा.

इरकली लुगडे मूळचे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातील इलकल गावचे. त्याच्या लाल पदरावर पांढऱ्या धाग्यांची नक्षी असते. तिच्यात फणीचे दात आहेत, किल्ल्याचा तट आहे, डोंगराची रांग आहे आणि ज्वारीचे कणीसही आहे. काठाच्या एका प्रकाराला तर ‘गोमी’ हेच नाव आहे. पैठणीवर मोर आणि कमळ, तर इरकलीवर आपल्या रानातले कणीस! जन्मभर दुसऱ्याच्या रानात ज्वारी सोंगणाऱ्या बाईच्या पदरावरही कणीसच होते.

हातमागावर पदराचे उभे धागे वेगळे असतात. अंगाच्या धाग्यांत एकेक फासा अडकवून ते जोडतात. त्याला ‘कोंडी’ म्हणतात. एवढी मेहनत एका पातेल्यात जाते. पुढे शहरात अशाच जुन्या लुगड्यांचे घोळदार स्कर्ट शिवून ‘डिझायनर’ म्हणून हजारो रुपयांना विकतात. तो स्कर्ट म्हणजे आपला परकरच की!

तो घरी शिवता येतो. लुगडे उजेडासमोर धरा, विरलेला भाग दिसेल. तेवढा कापून टाका. नऊवारीत मुलीच्या परकरापुरते चांगले कापड सहज निघते. काठ खाली येऊ द्या, म्हणजे खालची शिलाई वाचते. वर चुण्या घालून नेफा करा आणि नाडी ओवा. कमरेजवळ थोडे कापड दुमडून ठेवा. मुलगी वाढली की उसवून लांबी वाढवता येते. आतून जुन्या सुती साडीचे अस्तर लावा, म्हणजे विरलेल्या धाग्यांवर ताण येत नाही. शिवण्याआधी एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. लाल रंग उतरत असेल तर ते कापड नेहमी वेगळे, थंड पाण्यात धुवा. पदर मात्र कापू नका. तो अखंड जपा.

लुगड्याचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना लुगडे नेसण्याची जुनी रीत सोडायला सांगितले, कारण त्या रीतीवरून जात ओळखली जाई. त्या बायांनी नेसण बदलली आणि ताठ मानेने घरी गेल्या.

म्हणून परकर शिवून झाला की मुलीला जवळ बसवा. पदरावरचे कणीस दाखवा आणि हे लुगडे नेसून आजीने कोणकोणती कामे केली, तेही सांगा. पातेले काय, पुढच्या महिन्यातही घेता येईल.