दाखल्याचे वरचे पाचशे

मा. मुख्य आयुक्त,
महाराष्ट्र राज्य सेवा हक्क आयोग, मुंबई

महोदय,

मी बारामतीत अकरावी-बारावीला पुस्तपालन शिकवतो. माझ्या वर्गातली निम्मी मुलं इंदापूर तालुक्यातून, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकीहून एसटीच्या पासवर येतात. गेल्या जुलैत त्यांना सांगितलं, प्रवेशाच्या महिन्यात घरात झालेला खर्च रोजकीर्दीत मांडून आणा.

बऱ्याच वह्यांत एक नोंद सारखी निघाली: ‘दाखल्याचे वरचे’. कुठे 300, कुठे 500. इंदापूरकडच्या एका मुलीने उभं राहून विचारलं, “सर, हे कुठल्या खात्यात टाकायचं? फीमध्ये की प्रवासात?” तिच्या आवाजात राग नव्हता, संकोचही नव्हता. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिच्या वडिलांनी एजंटाला पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी कागद हातात पडला. तिच्या लेखी ती खरेदी होती. ‘लाच’ हा शब्द एकाही वहीत नव्हता.

त्या तासाला मी तिला उत्तर देऊ शकलो नाही.

तरुणांना भ्रष्टाचाराबद्दल काय वाटतं, ही चर्चा आपण नेहमी मोठ्या घोटाळ्यांपासून सुरू करतो. घोटाळे या मुलांना माहीत आहेत. डिसेंबर 2021 मध्ये पुणे पोलिसांनी शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात खुद्द राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना अटक केली. पुढच्या वर्षी 7,800 हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका मुलाने विचारलं, “एका जागेचा रेट काय होता?” मला त्याचा राग आला होता. वह्या तपासल्यावर तो ओसरला. सतराव्या वर्षी दाखल्याचा भाव कळलेल्या मुलाने नोकरीचा भाव विचारला, तर चूक कोणाची?

तुमचा आयोग ज्या कायद्याने उभा राहिला, तो लोकसेवा हक्क कायदा 2015 चा. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवसांची मुदत आहे. अर्जाची पोच देणं बंधनकारक आहे. सबळ कारणाशिवाय उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे, आणि मी तो वर्गात वाचून दाखवला. मुलांनी शांतपणे ऐकला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला: “सर, अपिलाला किती दिवस?” पहिल्या अपिलाच्या निकालालाच कायदा 30 दिवस देतो. त्यावर दुसरं अपील, त्यानंतर तुमचा आयोग. प्रवेशाच्या फेरीत कागद जमा करायला मात्र हातात मोजके दिवस असतात.

एजंट दाखला विकत नाही, हे दिवस विकतो. जूनमध्ये सर्व्हर अडकतो, अर्जांचा ढीग साचतो, आणि प्रामाणिक कारकून त्या ढिगाखाली दबून जातो, हे मी पाहिलं आहे. त्याच्यावर माझा रोष नाही. पण ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ असं म्हणत आपली पिढी निदान कुरकुरत तरी होती. ही मुलं कुरकुरतही नाहीत. पैसे मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात. मला भीती या शांतपणाची वाटते. यांतलीच काही उद्या तलाठी होतील, ग्रामसेवक होतील. टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावर हीच नोंद ती जमेच्या बाजूला लिहितील.

म्हणून एवढंच मागतो. मे ते ऑगस्ट या काळात शैक्षणिक दाखल्यांच्या अपिलाचा निकाल तीन दिवसांत लागेल, अशी शिफारस शासनाकडे करा. बारामती आणि इंदापूरच्या तहसील कार्यालयांत दर सोमवारी फलक लागू द्या: किती अर्ज आले, किती मुदतीत निघाले, किती अडकले आणि का, उशिराबद्दल किती जणांना दंड झाला. आणि येत्या जूनमध्ये आयोगाची एक सुनावणी इंदापुरात घ्या, कॉलेज सुटल्यावर, मुलांना येता येईल अशा वेळी.

मी त्यांना घेऊन येईन. ती मुलगी आता बारावीत आहे. तिचा प्रश्न तिने तुम्हालाच विचारावा आणि उत्तर तुम्ही द्यावं.

आपला,
बारामतीतील एक शिक्षक