विभावरी शिरूरकर कोण?

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि मराठी वाचकांत एकच प्रश्न फिरू लागला: या विभावरी शिरूरकर कोण? शिकलेल्या, वय वाढत चाललेल्या अविवाहित मुली, त्यांच्या पगारावर चालणारी घरं, त्यापायी लांबणीवर पडणारी त्यांची लग्नं आणि मनात दडपून ठेवलेली ओढ. हे सगळं एखादी बाई इतकं उघड लिहील, यावर अनेकांचा विश्वास बसेना. नावाआड कुणी पुरुष असावा, असेही तर्क लढवले गेले.

त्या होत्या बाळूताई खरे. महर्षी कर्वे यांच्या संस्थेत शिकलेल्या, पेशानं शिक्षिका, आणि तेव्हा अविवाहित. पुढे १९३८ मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. ‘अलंकारमंजूषा’सारखं अभ्यासाचं पुस्तक त्यांनी बाळूताई खरे या नावानंच लिहिलं होतं. अभ्यासाला स्वतःचं नाव चालत होतं, कथांना मात्र ते परवडणारं नव्हतं. मुलींना शिकवणाऱ्या बाईनं मुलींच्या मनातलं छापून आणलं, तर तिच्याकडे बोट दाखवायला समाज टपलेलाच होता.

टोपणनाव म्हटलं की आपल्याला आधी कवी आठवतात. राम गणेश गडकरी नाटकांना स्वतःचं नाव देत, कवितेखाली ‘गोविंदाग्रज’ लिहीत आणि विनोदी लेखनासाठी ‘बाळकराम’ होत. विष्णु वामन शिरवाडकरांनी बहीण कुसुम हिच्या नावावरून ‘कुसुमाग्रज’ घेतलं, पण ‘नटसम्राट’ शिरवाडकरांच्याच नावावर राहिलं. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेत आरती प्रभू झाले, कादंबरी-नाटकांत खानोलकर राहिले. या नावांत माया आहे, लेखनाची वाटणी आहे. खरं नाव कळलं म्हणून यांतल्या कुणाला तोंड लपवावं लागलं नसतं. म्हणूनच या नावांच्या शेजारी विभावरींचं नाव सहज बसवून टाकणं अन्यायाचं आहे. तिथं नाव ही हौस नव्हती, ढाल होती.

जयवंत दळवींनी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ होऊन साहित्यिकांची फिरकी घेतली, तीही आडोशाशिवाय अवघडच होती.

लता मंगेशकरांची गोष्ट निराळी. भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’ला संगीतकार मिळेना, तेव्हा लताबाईंनी स्वतःच ते काम करण्याची तयारी दाखवली. संगीत पडलं तर इतक्या मोठ्या गायिकेच्या नावाला धक्का बसेल, ही भालजींची काळजी. त्यातून ‘आनंदघन’ हे नाव आलं. ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ या चित्रपटांचं संगीतही त्याच नावानं झालं. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा आनंदघन म्हणजे समोर बसलेल्या लताबाईच, हे लोकांना कळलं. गायिकेचा दबदबा बाजूला ठेवून त्या चाली लोकांनी आधी ऐकल्या होत्या, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. लताबाईंना नाव सांभाळायचं होतं, बाळूताईंना जगणं.

नाव निवडताना आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. गुपित फुटल्यावर ते नाव ठेवायचं की टाकायचं? मालतीबाईंनी ते टाकलं नाही. सोलापूरला, इंग्रज सरकारनं ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत, त्यांनी काम केलं होतं. तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या माणसांचं जगणं त्यांनी तिथं जवळून पाहिलं आणि त्या अनुभवावर ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. ती १९५० मध्ये आली तेव्हा विभावरी शिरूरकर म्हणजे कोण, हे कुणापासून लपून राहिलेलं नव्हतं. तरीही लेखिकेचं नाव तेच राहिलं. सतरा वर्षांपूर्वी ज्या नावावर टीकेचा भडिमार झाला होता, त्याच नावानं त्यांनी आता या वसाहतीतल्या मांगगारुड्यांची बाजू मांडली.