पाटी निघाली, वाट मोकळी झाली काय?

दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या दक्षिणेला फॉल्स बे नावाचा मोठा उपसागर आहे. त्याच्या काठावर म्युझेनबर्ग आणि काल्क बे ही दोन किनारी गावे आहेत. आज दोन्ही केप टाऊन महापालिकेत मोडतात. म्युझेनबर्गहून सेंट जेम्सपर्यंत समुद्राला अगदी लागून एक बांधीव पायवाट जाते. तिथून काल्क बेचे मच्छीमार बंदर जवळच आहे. सारी चाल तीनएक किलोमीटरची. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ. डोंगर चढायचा नाही, वाट चुकायची भीती नाही. पाय दुखले तर स्टेशन गाठावे आणि आगगाडीने परत यावे. म्हाताऱ्या माणसांनी, लेकरांनी चालावी अशी ही सोपी वाट म्हणून तिची ओळख आहे.

सोपी, पण कोणासाठी आणि कधीपासून? आम्ही या वाटेविषयी लिहीत आहोत ते याच प्रश्नासाठी.

केप टाऊन रेल्वे स्टेशनवरील गोऱ्यांच्या प्रतीक्षालयात एक काळा माणूस शिरला म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला. लुसू खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. काळ्यांसाठी ठेवलेली सोय गोऱ्यांच्या सोयीच्या तोडीची नाही, सबब त्याला दोषी धरता येत नाही, असा निकाल १९५३ साली तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने दिला. निकाल न्यायाचा होता. त्यावर गोऱ्यांच्या सरकारने काय करावे? सोयी समान करण्याऐवजी त्यांनी कायदाच बदलला. त्याच वर्षी स्वतंत्र सुविधांचा कायदा आला आणि वेगळी सोय समान असलीच पाहिजे असे नाही, हे त्यात लिहून टाकले. १९६० च्या दुरुस्तीने समुद्र आणि किनाराही या कायद्याखाली आणला गेला. वाळूत पाट्या उभ्या राहिल्या. ज्या समुद्राला काठ ठाऊक नाही, त्याला माणसाचा रंग शिकवला गेला!

दुसरा कायदा त्याहून खोल जखम करणारा होता. १९५० च्या वस्तीविभागणी कायद्याने कोणत्या वंशाच्या माणसाने कोठे राहावे हे सरकार ठरवू लागले. काल्क बे हे पिढ्यान्पिढ्या मिश्रवंशीय मच्छीमारांचे गाव. एकोणिसाव्या शतकात आलेल्या फिलिपिनो खलाशांचे वंशजही त्यात होते. १९६७ साली हे गाव गोऱ्यांचे म्हणून जाहीर झाले. गावाने विरोध केला. मासेमारीवर जगणारी काही कुटुंबे राहू शकली, बाकीच्यांना घरे सोडावी लागली. ज्यांच्या बापजाद्यांनी तिथे होड्या ओढल्या, त्यांचे घर समुद्रापासून दूर गेले.

१९८९ साली तेथील जनतेने हे कायदे उघडपणे मोडण्याची मोहीम काढली. ऑगस्टमध्ये याच उपसागराच्या दुसऱ्या काठावर, स्ट्रँड येथे, आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्यासह लोक गोऱ्यांच्या किनाऱ्यावर चालत गेले. पोलिसांनी त्यांना अडवले. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांना सर्व किनारे सर्वांना खुले केल्याचे जाहीर करावे लागले. १९९० साली स्वतंत्र सुविधांचा कायदा रद्द झाला, १९९१ साली वस्तीविभागणीचा. २००८ च्या किनारा कायद्याने तर किनाऱ्याची सार्वजनिक मालमत्ता ही नागरिकांची असून शासन तिचे केवळ विश्वस्त आहे आणि तिथवर पोचण्याची वाट देणे हे नगरपालिकांचे कर्तव्य आहे, असे ठरवले.

म्हणजे जी वाट आज सोपी म्हणून ओळखली जाते, ती सोपी व्हायला खटला, मोर्चा, लाठी आणि कायदा एवढे सगळे लागले. आणि तरीही ज्यांची घरे गेली ती पाटी काढल्याने परत आली नाहीत. ज्याचे घर शहराच्या पार टोकाला टाकले गेले, त्याला समुद्रापर्यंत यायला गाडीभाडे लागते आणि अर्धा दिवस मोडतो. कायद्याने उघडलेला किनारा अंतराने बंद राहू शकतो.

आता आपल्याकडे वळू. २००१ साली दक्षिण आफ्रिकेतीलच दर्बान शहरात वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली. जातिभेदाचा प्रश्न तिथे मांडावा म्हणून आपले कार्यकर्ते गेले. जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरगुती प्रश्न आहे, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. जात म्हणजे वंश नव्हे हे खरेच. बाबासाहेबांनीही ते सांगितले आहे. पण म्हणून वेदना वेगळी होते काय? तिकडे पाटी होती, इकडे पाटीची गरजच पडली नाही. तिकडे संसदेला कायदा करावा लागला, इकडे अडाण्यालाही पाठ असलेली रूढी पुरेशी होती.

महाडचेच पाहा. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदावर चवदार तळे खुले होते. तरीही २० मार्च १९२७ ला हजारो माणसे बाबासाहेबांच्या मागे तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हा परतीच्या वाटेवर त्यांची डोकी फोडली गेली. मग स्पृश्य दिवाणी न्यायालयात गेले. तो दावा चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने सुटला. पण कसा सुटला? ही प्रथा अनादि काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून. ती सिद्ध झाली असती तर ती अन्याय्य आहे काय याचा विचार करावा लागला असता, एवढे म्हणून न्यायालय थांबले. मूळ प्रश्न उघडाच राहिला. त्याचे उत्तर २६ जानेवारी १९५० ला मिळाले. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांची नावे एकेक करून लिहिली आहेत. ती यादी उगाच आलेली नाही. त्या प्रत्येक शब्दामागे कोणाचे तरी फुटलेले डोके आहे.

वकिली करताना आमच्यासमोर येणाऱ्या कितीतरी प्रकरणांचे मूळ दोनच शब्दांत असते: वाट अडवली. वस्तीतून स्मशानाकडे जाणारी पायवाट कोणीतरी नांगरून टाकतो. पावसाळ्यात मयत ओढ्याच्या पाण्यातून न्यावी लागते. वरात मुख्य रस्त्याने नेली म्हणून दगड पडतात. तलाठी म्हणतो नकाशात बघू, पोलीस म्हणतात हा महसुली वाद आहे. सहा महिने असेच जातात आणि माणसे नवी, लांबची वाट मुकाट्याने धरतात. नेमके हेच अडवणाऱ्याला हवे असते.

म्हणून काही गोष्टी आपल्या तरुणांनी पाठ केल्या पाहिजेत. वहिवाटीची वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. मात्र तो अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. शेतात जायला वाटच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. आणि जात पाहून वाट, घाट, पाणवठा किंवा दफनभूमी अडवणे हा २०१५ च्या दुरुस्तीनंतरच्या ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. तो महसुली वाद नव्हे. हे पोलीस ठाण्यात ठणकावून सांगता आले पाहिजे.

आणखी एक. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या समुद्रकिनारी बाबासाहेबांना शेवटचा निरोप दिला गेला. विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या कितीतरी आयाबायांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो चैत्यभूमीवर. हौस म्हणून नव्हे, अभिवादनाला येऊन. त्या रांगेत काठी टेकत, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चालणारी माणसे असतात, चाकाच्या खुर्चीतली असतात. त्यांच्यासाठी ती वाट सोपी आहे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम वाट हा हक्क ठरवला आहे. ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असले पाहिजेत असे बजावले. तेव्हा उतरंड, कठडे, बसायला बाक, पिण्याचे पाणी ही दयेने द्यायची गोष्ट नाही. ती मागताना आपणही संकोचू नये. मोर्च्याची वाट आखतानाही तिच्यावरून आपली म्हातारी माणसे चालू शकतील काय, हे आपण पाहिले पाहिजे. विहाराला पायऱ्या बांधताना शेजारी उतरंड बांधायला कोणी अडवलेले नाही.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर अर्धा तास बसा आणि एक कागद घ्या. आपल्या वस्तीतून शाळेला, पाणवठ्याला, शेताला, स्मशानाला जाणाऱ्या वाटा त्यावर लिहा. कोणती नकाशात आहे, कोणती नाही, कोणती कोणी आणि कधी अडवली, ते तारखेसह नोंदवा. दोन वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्या आणि एक प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्या. ती पोच जपून ठेवा. आमच्यासारख्या वकिलाला न्यायालयात उभे राहायला तेवढा एक कागद पुष्कळदा पुरतो, आणि तोच बहुतेक वेळा नसतो.

जयभीम.